पुतळाबाई वरून बघते

पुतळाबाईला चौकश्या फार. घणसोली गावात कुणाकडे नवा भाडेकरू आला, कुणाच्या टोपात काय शिजलं, सगळं तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असायचं. नवरा हयात असताना म्हणायचा, "हिला सरनाव ठेवली तरी लाकडं कुठली ते इचारील!"

आणि अशा बाईचा ओहोळच आटला! खाडीचं पाणी भरतीला त्या ओहोळातून तिवरांत, म्हणजे काठच्या कांदळवनात, शिरायचं आणि ओहोटी लागली की ती चिखलात हात घालून चिंबोऱ्या-खेकडे काढायची. पोटासाठी गरज नव्हती. खोल्यांचं भाडं येत होतं, मुलगा तेजस इमारती पाडायची कामं घेत होता. पण चिखलात उतरली की बाईचं वय पळून जायचं. आता भरतीलाही पाणी येईना, तिवरं पिवळी पडली. आत जाऊन बघावं तर कंबरभर गाळ. काय झालंय ते कळेना आणि जीव तर थाऱ्यावर राहीना.

मग एका सकाळी बांधावर संघमित्रा आली. कांदळवन राखणाऱ्या एका संस्थेत ती ड्रोन उडवायची. झाडं कुठे मेली, पाणी कुठे अडलं, नवी रोपं कुठे लावायची, हे वरून काढलेल्या फोटोंवरून ठरायचं. पोरगी मूळची परभणीकडची, आता गावातच भाड्याने राहणारी. पुतळाबाई तिला अशी चिकटली की विचारू नका.

"गो पोरी, ह्याला पेट्रोल कवरा लागतं?"

"बॅटरीवर चालतो, मावशी."

"नि कावल्यानं उचलला तं?"

"कावळ्याचं टेन्शन नाय. घारी मात्र अंगावर येतात."

"माजं घर दिसंल?"

"दिसेल ना. आदी तुमचा ओहोळ बगू."

ड्रोन भुर्रकन वर गेला. स्क्रीनवर तिवरं दिसली आणि पुतळाबाईने तोंडाला पदरच लावला. सगळा जन्म इथे गेला, पण खाडीला इतके फाटे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. "आगं बाय! ह्यो तं आमच्या शेताचा बांध! खाली घे, आजून खाली!"

ओहोळाच्या तोंडाशी डेब्रिजचा डोंगर होता. फुटक्या विटा, बाथरूमच्या फरश्या. पलीकडून डंपर शिरेल एवढी वाट पाडलेली. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून वर रंगीत फ्लेक्स पसरला होता.

"कोनाचा गो? जवल घे ना!"

संघमित्राने ड्रोन जवळ नेला. फ्लेक्सवर नऊवारीतली, सोन्याने मढलेली पुतळाबाई हसत होती. तिच्या साठीला तेजसने नाक्यावर लावलेला. वाढदिवस उरकला की गावात फ्लेक्स फेकत नाहीत, काही ना काही झाकायला वापरतात. तेजसनेही वापरला, पण गडबडीत सुलटाच टाकला.

पुतळाबाईला लाज वाटली, संताप आला, रडूही आलं.

"मावशी, हा फोटो रिपोर्टात जानार. मला लपवता नाय येनार."

"लपव म्हनून सांगलं कोनी? त्याचं नाव मीच सांगते, लिव." तिने डोळे पुसले आणि मुलाला फोन लावला. "तेजस, जेसीबी घेऊन ओहोलाव ये."

"कशाला आई? काय झालं?"

"तू मना तिवरांत टाकलीस रं. उचलाला ये."