मिलिंदचा ऑप्शनल विषय

मिल्या गेला.

आज सकाळी, झोपेतच. अटॅक. वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून गाडी काढली.

मिलिंद म्हणजे माझा कॉलेजातला रूम पार्टनर. नव्वदच्या दशकात विश्रामबागला एका भाड्याच्या खोलीत आम्ही तीन वर्षं काढली. तो पलूसचा, मी फलटणचा. पहिली भेट झाली ती नोटीस बोर्डसमोर.

बी.ए.ची ॲडमिशन चालू होती. माझे विषय आधीच ठरले होते. म्हणजे थोरल्या भावानं ठरवले होते. पॉलिटिक्स, हिस्ट्री, इकॉनॉमिक्स. गाईड मिळतं, पास व्हायला सोपं, पुढं स्पर्धा परीक्षेला बरं.

शेजारी एक काटकुळा पोरगा बोर्ड वाचत उभा होता. ओळख ना पाळख, मला म्हणाला,

"ह्यातला कुठला घेतला म्हंजे सकाळी उठून कॉलेजला यावंसं वाटंल?"

"कुठलाच न्हाई," मी म्हणालो.

"मग तीन वर्सं करणार काय गड्या?"

त्यानं संगीत घेतलं. तबला.

आणि त्याच्या नादानं मी इकॉनॉमिक्स खोडून भूगोल लिहिला. नकाशे मला लहानपणापासून आवडायचे. पण आवडतो म्हणून विषय घ्यायचा असतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं तेवढ्यावर भागलं. भाऊ चार दिवस चिडला, मग विसरला.

मिल्याचं तसं नव्हतं.

दिवाळीच्या आधी एका रविवारी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील, त्यांना सगळे दादा म्हणायचे, सूतगिरणीत कामाला होते. जेवताना त्यांनी विचारलं, "इषय कुठलं घेतलंस?"

मिल्या म्हणाला, "मराठी, इतिहास..."

थांबला.

"आन् तबला."

दादांचा हात ताटातच थांबला.

मिल्याचे आजोबा हलगी वाजवायचे. गावात लग्न असो, मयत असो, जत्रा असो, बोलावणं आलं की जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. धम्म स्वीकारला आणि आजोबांनी हलगी कायमची सोडली. त्या घरात पुन्हा वाद्य आलं नाही.

दादा ओरडले नाहीत. हळूच म्हणाले,

"माझ्या बानं जे सोडलं, ते तू फी भरून परत घेणार व्हय?"

"आज्जाला वाजवावं लागायचं, दादा. मी माझ्या मनानं घेतलंय."

"लोकास्नी त्यातला फरक दिसंल?"

आमच्या घरच्या लग्नांत वाजवणारे दाराबाहेरच उभे असायचे. मी खाली बघत भाकरी मोडत राहिलो.

फरक लोकांना दिसत नव्हताच. क्लासमध्ये एकजण हसत म्हणाला, "तुला काय अवघड? तुमच्या रक्तातच हाय की ते."

मिल्यानं दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. बोटं सुजलेली होती.

"रक्तात असतं तर ही सुजली असती का रं?"

रोज सकाळी कॉलेज उघडायच्या आधी तो म्युझिक रूमच्या दारात जाऊन बसायचा. शिपाईमामा किल्ली घेऊन आले की पहिला आत. घरी मात्र तबला न्यायचा नाही, त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. सुट्टीला पलूसला गेला की मुका होऊन परत यायचा. दादा त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे.

दुसऱ्या वर्षी गॅदरिंगला त्याचं सोलो वादन होतं. त्यानं फक्त आईला सांगितलं होतं.

हॉलमध्ये मागच्या रांगेत बघतो तर दादा. गिरणीतनं तसेच आलेले, शर्टावर कापसाचे तंतू. मी जाऊन शेजारी बसलो.

मिल्या वाजवत होता. प्रिन्सिपॉल, प्रोफेसर, सगळा हॉल गप्प बसून ऐकत होता.

दादा माझ्याकडं न बघता म्हणाले,

"माझा बा उभ्यानं वाजवायचा रं. ह्यो बसून वाजवतोय."

टाळ्या थांबायच्या आधीच उठून एस.टी.ला गेले.

मी स्टेजमागं जाऊन मिल्याला हे सांगितलं. तो तिथंच पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही.

साताऱ्याकडच्या एका शाळेत तो संगीत शिक्षक म्हणून लागला. पोस्टला मंजुरी यायला कितीतरी वर्षं गेली. तोवर तुटपुंजा पगार, वर चित्रकलेचे तास, पी.टी.चे तास, निवडणुकीची ड्युटी. आमच्या बॅचचे काहीजण साहेब झाले. मी बँकेत लागलो.

एकदा मी त्याला विचारलं, "पस्तावतोस का रं?"

"पगाराचा पस्तावा हाय. इषयाचा न्हाई."

मागच्याच महिन्यात फोनवर म्हणाला होता, रिटायर झालो की पलूसला क्लास काढणार, पोरी-पोरांना फुकट शिकवणार. मी म्हणालो, मी येतो शिकायला. लय हसला. म्हणाला, "तुझी बोटं आता फक्त नोटा मोजायची."

आज दुपारी पलूसला सगळं उरकलं. वंदना झाली. लोक पांगले. त्याचे विद्यार्थी कितीतरी वेळ नुसतेच उभे होते.

दादा आहेत अजून. खूप थकलेत, ऐकायला कमी येतं. मी जवळ जाऊन बसलो. त्यांनी माझा हात हातात घेतला, ओळखायला थोडा वेळ लागला.

मग म्हणाले, "तू कुठला इषय घेतलावतास रं?"

"भूगोल, दादा."

"आवडला?"

"लय आवडला."

त्यांनी मान हलवली. चितेकडं बघत म्हणाले,

"त्येलाबी त्येचा लय आवडायचा."

सकाळपासून ते रडले नव्हते. तेव्हा रडले.

मिलिंद, मित्रा, तुला मनापासून आदरांजली.

जा गड्या.