मृगाची रजा आणि नागपूरचा अभिप्राय

माझ्या पहिल्या कल्पित कथेवर एकूण दोनच अभिप्राय आले. एक नागपूरच्या मासिकात छापून आला, दुसरा किन्हीराजाच्या वावरात उगवला.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी वाशीमच्या कोर्टात नकलनवीस होतो. दिवसभर लोकांची खरी भांडणं उतरवायची आणि त्याचा सूड म्हणून घरी येऊन खोटं लिहायचं. त्यातलं एक खोटं दिवाळी अंकात आलं. त्या गोष्टीत कंटाळलेले ढग रजेचा अर्ज देतात, मृग कोरडा जातो आणि शेवटी पाऊस यंत्रानं पाडावा लागतो. सुरुवात भारदस्त हवी म्हणून मी ती पाडव्याला पंचांगातलं वर्षफळ वाचतात तशी केली: मेघांचा अधिपती अमुक, धान्याचा तमुक, मृगात वृष्टी नाही. साल घातलं येतं आणि गाव घातलं सासुरवाडीचं, किन्हीराजा. एवढी हुशारी मला पुढं कधी सुचली नाही.

नागपूरच्या समीक्षकानं लिहिलं की या लेखकाची कल्पनाशक्ती कडब्यासारखी आहे, उंच पण कोरडी; आणि या गोष्टीवर शाळकरी पोरही विश्वास ठेवणार नाही. ते पान बायकोच्या हाती लागू नये म्हणून मी खिशातच घेऊन फिरायचो.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला किन्हीराजाला गेलो. जेवताना मामाजी, म्हणजे माझे सासरे, सहज बोलून गेले, "यंदा मृगात पेरत नाही मी. तुमीच लेहलं ना, मृग कोरडा हाये म्हणून."

उलगडा झाला तो असा की मेव्हण्यानं पाडव्याला पंचांग वाचलं आणि त्याच दमात, त्याच सुरात माझी गोष्टही वाचली. मंडळींनी दोन्ही हात जोडून ऐकली. आता पेरणी हुकली असती, तर मामाजींचा कापूस माझ्या गोष्टीपायी बसला असता. वाटीतला आमरस मला गोड लागेना.

"मामाजी, ते खोटं आहे. मी बनवलेलं."

"खोटं होतं त छापलं काहून?"

नाइलाजानं मी खिशातलं पान काढलं आणि स्वतःची निंदा मोठ्या आवाजात वाचून दाखवली. कडब्याच्या ओळीला तर हातवारेही केले. मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हा नागपूरवाला मृगात कधी वावरात उभा राह्यला काय?"

"नसेल राहिला."

"मंग तो तुमाले कायले नावं ठेवून राह्यला? जावयाले नावं ठेवाले आमी हाओत."

जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्या लिखाणाची बाजू घेतली होती, आणि मी समीक्षकाच्या बाजूनं जीव तोडून भांडत होतो.

अंगणात अखजीची घागर मांडलेली होती. नव्या घागरीखाली पावसाच्या चार महिन्यांच्या नावानं चार ढेकळं ठेवतात; ज्याचं ढेकूळ पाझरानं भिजेल त्या महिन्यात पाऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सासरे-जावई तिच्यापुढं उकिडवे बसलो. जेठाचं, म्हणजे मृगाच्या महिन्याचं ढेकूळ पार विरघळलं होतं. मी सुटलो असं मला वाटलं. मामाजी मात्र पेचात पडले.

"घागर म्हणते पेर, जावई म्हणते थांब. कोणाले खोटं पाडू?"

त्यांनी निम्मं वावर घागरीला दिलं, निम्मं मला.

मृग लागला तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यातून मी सारखा आभाळाकडं बघायचो. जावई म्हणून पाऊस हवा होता. लेखक म्हणून, खोटं कशाला बोलू, जरा उत्सुकता होती. पाऊस वेळेवर आला. घागरीच्या वावरात पेरा झालेला होता. माझ्यात तो उशिरा, धावतपळत करावा लागला.

पोळ्याला गेलो तेव्हा मामाजींनी मला बांधावर नेऊन उभं केलं. एकीकडं कापूस कमरेला लागत होता, दुसरीकडं गुडघ्याशीच थांबला होता. कोणतं वावर कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती.

"तुमची गोष्ट काही वाईट नाही," मामाजी म्हणाले, "जराशी बुटकी हाये. दुसरी लेहा. पण बापू, पुढच्या खेपेले गाव शेजारचं शेलूबाजार टाका."