सव्वा वाटी मिठाची आंबील

अपूर्णांकांचा गुणाकार मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आला. त्यापायी एका भल्या माणसाला खारट आंबील प्यावी लागली, पण आला!

मी कमलनगरात मराठी शिकवतो. (गणिताशी माझा संबंध हजेरीपटापुरता.) गेल्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. त्या दिवशी आमच्याकडे सगळे शेतात जेवतात आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून पानावर बसवतात. चिंताकीच्या आमच्या शेतात आंबील दरवर्षी वहिनींच्या हातची. ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवलेली, शिवारात नावाजलेली! त्या खेपेला भज्जी, म्हणजे डाळी-भाज्यांची मिसळ भाजी, बायकोकडे आणि आंबील मी छाती पुढे काढून मागून घेतली.

वहिनींनी फोनवर बजावलं, "भाऊजी, भरल्या डेऱ्याला पाऊण वाटी मीठ. औंदा माणसं कमी हायती, अर्धाच डेरा करा. अन् बिघडवू नका, शिवारात माझं नाक कापलं जाईल!"

अर्धा डेरा, पाऊण वाटी. म्हणजे अर्धा गुणिले पाऊण! मी चक्क कागद घेतला. गुणाकार म्हणजे वाढ, एवढं मला लहानपणापासून ठाऊक. अर्धा आणि पाऊण मिळून सव्वा. उत्तर वाढलेलं पाहून फार समाधान वाटलं.

सहावीतली आमची सई कागदात डोकावली. "पप्पा, सव्वा कामून? अर्धाच डेरा हाय, तर मीठ कमी लागंल की."

"गुणाकार केल्यावर कमी होत असतंय व्हय गं?"

"अपूर्णांकात होतंय."

"कोण शिकवायलंय तुला हे? पुस्तकात छपाई चुकली असंल!"

आणि मी सव्वा वाटी मीठ ओतलं. चाखून बघायची सोय नव्हती. नैवेद्याआधी आंबील उष्टी करायची नाही, हा वहिनींचा दंडक!

शेतात पूजा झाली, नैवेद्य झाला. पहिला पेला शेजारच्या शेतातल्या बसअप्पांना दिला. एक घोट घेऊन ते बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले.

"कशी झालीय, अप्पा?"

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "पाणी हाय का?"

मी चाखली. कानातून वाफ निघाली! बांधावरून पंधरा-वीस माणसं जेवायला येताना दिसत होती आणि मला वहिनींचं नाक दिसत होतं.

सईने शांतपणे एक भाकरी घेतली. चार तुकडे केले, एक बाजूला ठेवला. "ही पाऊण भाकर. भरल्या डेऱ्याचं मीठ समजा. आपला डेरा अर्धा, म्हणून यातलं अर्धं घ्यायचं." तिने तिन्ही तुकडे मधोमध मोडले आणि प्रत्येकाचं एक अर्धं माझ्या तळहातावर ठेवलं. "अख्ख्या भाकरीचे असले आठ तुकडे होतेत. तुमच्या हातात तीन. तीन अष्टमांश! पाऊणपेक्षा कमी झालं का न्हाई?"

मी हाताकडे बघत राहिलो आणि एकदम ओरडलो, "अगं, अर्धा गुणिले पाऊण म्हणजे पाऊणाचं अर्धं! आलं! मला आलं!"

बसअप्पांनी घाबरून पेला खाली ठेवला.

"आता सव्वा वाटी मीठ किती डेऱ्यांचं, ते सांग!" मी सईला म्हणालो.

"पावणेदोनाला जरा कमी," सईने बोटांवर हिशेब केला.

मग काय! बायकोने चुलीवर नव्याने पीठ शिजवलं, बसअप्पांनी आसपासच्या चार शेतांतून ताक आणवलं. डेरा काठोकाठ भरला, उरलेली आंबील बिंदग्यांत, म्हणजे लहान घागरींत, ओतली. आलेल्या प्रत्येकाने दोन-दोन पेले प्यायले, आणि बसअप्पांनी तीन!

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. मी मिशीवर हात फिरवत म्हणालो, "एक नंबर! सगळ्या शिवाराला पुरली."

"अर्धा डेरा?"

"गुणाकार केला की वाढतंच असतंय, वहिनी!"

"पोरीला द्या फोन. सई, खरं सांग, मीठ किती घातलं ह्यांनी?"

सईने माझ्याकडे एकदा पाहिलं. "मोठी आई, मीठ बरोबर होतं. आंबीलच कमी पडली होती."

वीस वर्षं मराठी शिकवतोय, पण इतकं सफाईदार वाक्य मला काही सुचलं नसतं!