सनाचा न दुखणारा दात

"मॅडम, दुधाचेच दात हायेत. पडणारच हायेत. काढून टाका," हमीदचाचा म्हणाले.

खुर्चीत त्यांची चार वर्षांची नात सना बसली होती. वरचे पुढचे चारही दात काळे. एकाच्या मुळाशी पू होऊन ओठ सुजला होता. मी नेवाशात दातांचा दवाखाना चालवते, असे दात ओळखीचे आहेत.

"झोपताना बाटली देता का?"

"व्हय. साखर घालून दूध. त्याबिगर झोपत न्हाई. अम्मी, अम्मी करीत दाराकडं बघत बसती."

चाचांचा जावई वारला. तेव्हापासून मुलगी रेश्मा नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. राहायला तिकडेच, सुट्टीला घरी.

मी समजावलं. बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं की गोड दूध रात्रभर दातांवर साचतं, दात किडतात. आणि दुधाचे दात पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. म्हणून पू झालेला एकच काढायचा, बाकीचे भरायचे.

बोलताना चाचांनी रुमाल तोंडाला लावला. रुमालावर रक्त. त्यांनाही खुर्चीत बसवलं. हिरड्या सुजलेल्या, तीन दात हलत होते.

"शुगर आहे?"

"हाय. गोळी कवा घेतो, कवा ऱ्हाती. लई दिवस भाकरी चावली न्हाई. माझे सगळे काढा मॅडम, पोरीचे ठेवा."

"सगळे नाही. आधी शुगर आटोक्यात आणा. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर उतरत नाही."

सनाला औषध दिलं. पण दात काढायला आई हवी, असं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत रेश्माला फोन लावला.

"मॅडम, सुट्टी देत नाहीत हो." मी दाताला पू झाल्याचं सांगितलं. "मागते. येते."

गुरुवारी ती आली. सना तिच्या मांडीवर बसली, ओढणीचं टोक मुठीत घट्ट. इंजेक्शन दिलं, दात काढला. पोरगी हूं की चूं नाही. एवढं शहाणं मूल मी क्वचितच पाहिलंय. तेव्हा मला वाटलं, माझा हात हलका आहे.

उरलेले तीन दात तीन खेपांत भरले. रेश्मा दर वेळी अर्धा दिवस मागून यायची. घरी चाचांनी बाटलीतली साखर रोज थोडी कमी केली, मग दुधात पाणी वाढवलं. महिन्याभरात बाटली सुटली. रडारड झाली, पण चाचा बधले नाहीत. स्वतःची गोळीही वेळेवर घेऊ लागले. शुगर उतरल्यावर त्यांचे दोन दात काढले, तिसरा वाचला.

शेवटच्या खेपेला मी ग्लोव्हज काढत म्हणाले, "झालं सना. आता यायचं काम नाही."

तिने आईकडे बघितलं. मग पुन्हा तोंड उघडून एका दाढेवर बोट ठेवलं. "ही पन दुखती."

मी आरशाने बघितलं, ठोकून बघितलं. दाढ ठणठणीत होती.

"कधीपासून?"

"आत्तापासून."

रेश्माने मान खाली घातली. चाचा खिडकीबाहेर बघू लागले.

दात इतके किडलेल्या मुलांना दर तीन महिन्यांनी तपासावंच लागतं. मी चिठ्ठी लिहिली : तपासणी तीन महिन्यांनी, आई सोबत आवश्यक. रेश्माने ती सुपरवायझरला दाखवायला घडी घालून पर्समध्ये ठेवली.

आता लहान मूल दुखतंय म्हणालं की मी आधी दात तपासते. दात चांगला निघाला, तर घरी कोण कोण असतं ते विचारते.