ज्वलनवाल्या साहेबांचं भाषण

चहाच्या टपरीवर आमचे साहेब आधी चहा मागत नसत. चष्मा कपाळावर सरकवून, कमरेत वाकून ते स्टोव्हची ज्योत बघत. "पिवळी आहे. हवा कमी पडतेय." टपरीवाला वैतागायचा, "साहेब, चाय पियो ना! आग को क्या देखने का?"

अंबरनाथच्या कारखान्यात ते बॉयलर विभागाचे प्रमुख, मी शेजारच्या प्रयोगशाळेत. ज्वलनावर संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेचे ते सभासद होते. लग्न असो, बारसं असो, ओळख करून देताना हे आधी सांगत, नाव नंतर. त्यामुळे बदलापूरला, शिरगावात, ते राहत तिथे सगळे त्यांना फायर ब्रिगेडचे समजत. एकदा कचरा पेटला तर शेजारी त्यांनाच बोलवायला गेले. साहेब धावले खरे, पण "काय सुंदर पेटलाय!" म्हणत बघतच राहिले. पाणी वहिनींनी ओतलं.

त्यांची एकच इच्छा होती. संस्थेच्या लोकांसमोर एकदा तरी भाषण करायचं. परदेशी जाणं काही जमलं नाही. मग निवृत्तीच्या वर्षी खटपट करून त्यांनी संस्थेची एक छोटी बैठकच अंबरनाथला आणली. जपानहून, जर्मनीहून पाहुणे आले. शेवटचं भाषण साहेबांचं होतं.

उद्घाटनाला समई. आता बघा, सभागृहात सगळे ज्वलनातले तज्ज्ञ, आणि समई काही पेटेना! डोक्यावर पंखा गरगरत होता, पण तो बंद करायचं कुणाला सुचेल तर शपथ. वातीची जाडी, तेलाचं तापमान, प्रत्येकाचं मत वेगळं. जर्मन पाहुणे तर फळ्यावर आकृती काढायला लागले. शेवटी वीज गेली. पंखा थांबला, समई पेटली, टाळ्या झाल्या.

वीज मात्र लवकर आली नाही. सगळा कार्यक्रम लांबला. जेवणाची वेळ झाली तेव्हा साहेबांचंच भाषण राहिलं होतं, आणि जेवून लगेच पाहुण्यांना निघायचं होतं.

"राहू दे गं," ते मला म्हणाले. "लांबून आलेत, जेवू दे त्यांना." भाषणाचे कागद त्यांनी घडी करून खिशात घातले. माझं डोकंच फिरलं. जेवणाच्या मांडवात मी एक खुर्ची ओढली. "साहेब, चढा वर. मला ऐकायचंय."

ते चढले. ऐकायला मी आणि दोन वाढपी. मग जपानी बाई ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या. हळूहळू सगळेच आले. बदलापूरजवळच्या चामटोली गावातल्या चुली कशा जळतात, यावर साहेब बोलत राहिले, हातातल्या ताटांत भात गार होत गेला, पाहुण्यांची गाडी बाहेर ताटकळली.

साहेब गेल्या दिवाळीआधी गेले. यंदा बैठक पुन्हा अंबरनाथला झाली. भाषणं वेळेत संपली. जेवण गरम होतं, सगळे बसून जेवले. मी मात्र ताट घेऊन उभीच राहिले, भात गार होईपर्यंत.