टेबलावरची किल्ली
डांबरगोळ्यांचा वास आला की मला लातूरच्या वसतिगृहाचे जेवणघर आठवते. रविवारच्या चित्रपटासाठी अंधार करायला तिथल्या खिडक्यांवर त्याच वासाच्या चादरी टांगत. अकरावीच्या पहिल्या चाचणीत मी भौतिकशास्त्रात नापास झाले होते, आणि त्यानंतरच्या रविवारी दुपारी सगळ्या मुली चित्रपटात गुंतल्या की मागची भिंत ओलांडून घरी कंधारला जाणारी एसटी गाठायची, असे मी ठरवले होते. नेमका पडद्यावरही वसतिगृहातला एक मुलगा भिंतीवरून उडी मारून पळाला, मुलींनी टाळ्या पिटल्या आणि रेक्टरबाईंनी चित्रपट थांबवला. "कुनाला घरी जायाचं आसंल तर फाटकातून जावा गं," फाटकाची किल्ली टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "उडी मारून पाय मोडला तर परीक्षेला कोन बसंल, मी?" हशा पिकला आणि चित्रपट पुन्हा सुरू झाला. किल्ली हाताच्या अंतरावर होती, आणि त्यामुळेच पळून जाण्यात काही अर्थ उरला नव्हता. दिवे लागल्यावर बाईंनी ती उचलली व माझ्या पायाशी पाहत म्हटले, "पिशवी खोलीत ठिवून ये, अन् चादरीच्या घड्या घालू लाग." कुणी खरोखरच निघून गेले असते तर बाईंची नोकरी गेली असती, हे गणित मला आता सुटते, पडद्यावरच्या त्या मुलाचे पुढे काय झाले हे मात्र अजून ठाऊक नाही, कारण उरलेला सगळा वेळ मी किल्लीकडेच पाहत होते.