बंद स्टेशनावरचे टोल

आमच्या फौजेचं सेक्शन ज्या स्टेशनावर मुक्कामाला गेलं, तिथं गाडी येणं केव्हाच बंद झालं होतं. राजस्थानचं वाळवंट, सीमा जवळच. गावातल्या बहुतेक घरांना कुलपं, पाण्याची टाकी कोरडी, फलाटावर वाळू. मी हवालदार, बडनेऱ्याचा. गाड्यांच्या खडखडाटाशिवाय मला झोप येत नाही. स्टेशन आहे अन् गाडी नाही, हे पाहूनच मनात शंकेची पाल चुकचुकली. ऑर्डर साधी होती. जुन्या लाइनीवर रोज पेट्रोलिंग, अनोळखी माणसावर नजर, विश्वास कोणावरच नाही.

फलाटाच्या टोकाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. रेल्वेतून रिटायर झालेला भंवरू नावाचा म्हातारा तिथंच एका खोलीत राहायचा अन् अधूनमधून त्या तुकड्यावर हातोड्यानं टोल द्यायचा. टोल पडले की थोड्या वेळानं सीमेच्या बाजूनं दोन-तीन माणसं उंट घेऊन येत. आता तुम्हीच सांगा, फौजी माणसानं काय समजायचं? विचारलं तर म्हणे, "आंधी आ रही है, साब. लोग आवाज पे लौट आते हैं." आंधी कधी यायची, कधी बाजूनंच निघून जायची. सुभेदार साहेबांना ती थाप वाटली. मलाही वाटली.

नाईक गजानन मात्र त्याच्याकडं चहाला जायचा. अकोल्याकडचा, भाजीच्या मळ्यात वाढलेला पोरगा. कोणाशीही बोलत बसायचा. मी एकदा झापलं त्याला.

"लेका, त्या बुढ्याकडं जात नको जाऊ. माणूस बरोबर नाही वाटत."

"भाऊ, तुमाले त सारेच चोर दिसतात. बुढा खरं बोलून राहिला."

त्याच दिवशी सुभेदार साहेबांनी हातोडा जप्त करून स्टोअरमध्ये कुलपात ठेवला.

त्या आठवड्यात एका सकाळी गजानन अन् शिपाई साळवे पेट्रोलिंगला गेले. आमची एकुलती एक गाडी राशन आणायला गेलेली. दुपारी आभाळ विटकरी झालं. म्हातारा धावत आला, हात जोडून म्हणाला, "साब, हथौड़ा दे दो."

"बिलकुल नहीं," साहेब म्हणाले. "आपले दोघे बाहेर असतानाच याला टोल कसे सुचतात?"

दहा मिनिटांत समोरची भिंत दिसेना. मी वायरलेस सेटवर बसलो.

"अल्फा टू, लोकेशन सांग. ओव्हर."

"भाऊ, रूळ वाळूखाली गेले. काहीच दिसून नाही राहिलं. ओव्हर."

"जागचे हलू नका. ओव्हर."

त्यानंतर सेटवर नुसती खरखर. म्हातारा दारातच बसून रडत होता. शेवटी साहेब स्वतः उठले, स्टोअर उघडलं अन् हातोडा त्याच्या हातात दिला. म्हातारा थकला की मी टोल द्यायचो, मी थकलो की साहेब.

तासाभरानं साळवे रांगत आला. म्हणाला, "हवालदार साहेब, आवाज आला अन् मी निघालो. गजाननभाऊ त रूळ शोधाले आधीच समोर गेला होता. मले म्हणे, तू बसून राह्य."

वादळ निवल्यावर गजानन सापडला. पोस्टपासून हाकेच्या अंतरावर, वाळूत अर्धा बुजलेला. नाडी नव्हती. अंग मात्र अजून गरम होतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं अन् पोरासारखा रडलो.

रिपोर्टमध्ये वादळात मृत्यू असं गेलं. खोटं नव्हतं ते.

रिटायर झाल्यावर मी त्याच्या गावी गेलो. त्याची आई मेथीच्या जुड्या बांधत होती. पाणी दिलं, बस म्हणाली, गजानन कुठं सापडला ते ऐकलं अन् सरळ विचारलं, "हाकेवर होता म्हन्ता. मंग हाक कावून नाही मारली?"

मी सगळं सांगितलं. टोल, हातोडा, कुलूप, काहीच लपवलं नाही. तिनं जुडी खाली ठेवली.

"इतके जन होते तुमी. त्या बुढ्याचं कोनालेच खरं नाही वाटलं?"

"वाटलं ना माय," मी म्हणालो. "गजाननाले वाटलं. एकट्या त्यालेच."